चालीवर बसवलेला पासवर्ड

ती. दाजींना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला बसलो आणि कानात पाटीवरच्या पेन्सिलीचा तो जुना कर्रर्र आवाज घुमला. आक्का कविता उतरवून घ्यायची आणि मी शेजारी बसून, दात आंबले तरी, ती पाठ करायचो. कुठे गेले हो ते दिवस! तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून हायसं वाटलं. आपला खोकला काय म्हणतो? (माझा बरा आहे, मी तसाच आहे.)

आता मुद्दा. डॉक्टरांनी आक्काचं वाचन बंद केलंय, म्हणून मी तिला शब्द दिला होता की आमच्या शाळेतल्या सगळ्या कविता, ज्या मी चालीत म्हणून माझ्या कंप्युटरवर साठवल्या आहेत, तिला घरबसल्या ऐकता येतील. (फोनवरही म्हटल्या असत्या, पण दुसऱ्या कडव्यालाच ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करते आणि कविता गुडघ्यात अडकते.) तिने तिच्या कंप्युटरवरून थेट माझ्या कंप्युटरात यायचं, असं सूनबाईने ठरवलं. आता माझा कंप्युटर एका जातीचा, सूनबाईचा लॅपटॉप दुसऱ्या, आक्काचा तिसऱ्याच. आमचे दोघे तर एकाच राउटरला जोडूनही, लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारखे पाठ फिरवून बसले होते. सूनबाईने आधी गोडीगुलाबीने, मग दम देऊन त्यांची ओळख करून दिली.

मग आला पासवर्ड. लांबलचक ठेवा, पण विसरणार नाही असा ठेवा, असं सूनबाई म्हणाली. मी अख्खं कडवं ठेवलं. अडचण एवढीच की मला कविता मुक्याने येत नाही. चाल लावल्याशिवाय पुढची ओळ सुचत नाही आणि खिडकी उघडल्याशिवाय आवाज लागत नाही. परवा मध्येच अडखळलो, तर खालचा शिंपी मशीन थांबवून ओरडला, "आजोबा, पुढे 'वनराई'!" सूनबाईने कपाळाला हात लावला.

दुसरा पासवर्ड तिने स्वतः रचला. नुसती अक्षरं, आकडे, टिंबं. अर्थाचा पत्ता नाही. (आमच्या वेळी असली ओळ लिहिणाऱ्याला बाकावर उभं करीत.) पाठ होईना, म्हणून मी त्याला चाल लावली. जरा करुण बसली. उद्गारचिन्हापाशी अजून माझा गळा दाटून येतो. शिंपी हल्ली तोच गुणगुणत बटणं लावतो.

शेवटी तिने वेगळीच तजवीज केली. बाहेरून कोणी कंप्युटरात शिरू लागलं की माझ्या मोबाइलवर विचारणा होते, आत घ्यायचं का? हे करून ती ऑफिसच्या कामाने परगावी गेली. आणि दाजी, सांगायला अभिमान वाटतो, लगेच दुसऱ्या दिवशी चोर आला! अगदी दिवेलागणीला. मी ठामपणे 'नाही' दाबलं. पुढच्या संध्याकाळी पुन्हा हजर. चोर असला तरी माणूस वक्तशीर. आता चहा आटोपून मी मोबाइल धरून त्याची वाटच बघत बसतो. काल तर लागोपाठ येत राहिला, पण मी डगमगलो नाही. सूनबाई परतली की थक्क होईल.

आपला मेहुणा,
म्हणजे आक्काचा धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. एवढा खटाटोप केला, पण आक्काने एकदाही कविता ऐकायचा प्रयत्न केला नाही. मनाला लागलं. माझा आवाज तिला नकोसा झालाय का, हे तिला न दुखवता विचाराल का?

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवणार एवढ्यात बेल वाजली. आपण आक्काला घरभर शोधत असाल, तर थांबा. तिचे डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स तिथेच राहिलेत म्हणे, तेवढे ताबडतोब पाठवा. ती माझ्या दारात उभी आहे. हातात पिशवी, एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसरा डोळा माझ्यावर. म्हणते, "रोज संध्याकाळी नाही म्हणतोस ना मला? आता तोंडावर म्हण!"