चांद्या बैल, माझे तीन दात आणि नूतनचा मुहूर्त

केशोरी,
भाऊबीजेनंतरचा गुरुवार

ती. रुख्माबाईस,

धाकट्या शालीकरामचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. (तोंड वर करून बोलायची सोय नाही. खुलासा खाली येत आहे.) बाई, तुझा डावा गुडघा कसा आहे? भाऊजींची शुगर कोणत्या आकड्यावर आहे, आणि ते अजून देवघरात लपून पेढे खातात का? इकडे हलका धान कापून झाला, भारी धान उभा आहे, गाय गाभण आहे आणि निर्मला माझ्यावर नाराज आहे, म्हणजे सगळे ठीक आहे. भाऊबीजेला मी तिरोड्याला आलो नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकली. "ताप आला" असा निरोप पाठवला होता, तो साफ खोटा होता. फोनवर खरे सांगायला गेलो की तू दोन मिनिटांत निकाल लावून फोन ठेवतेस आणि ही गोष्ट दोन मिनिटांत मावणारी नाही, म्हणून पत्र.

तर बाई, पोळ्याच्या दिवशी माझे समोरचे वरचे तीन दात गेले. कोणी पाडले म्हणशील, तर चांद्याने. ज्याला मी बाटलीने दूध पाजून वाढवला, तोच. सकाळी त्याला नाल्यावर धुतला, शिंगे रंगवली, बेगड लावली आणि कपाळाला बाशिंग बांधायला वाकलो. गाठ बसेना, म्हणून सुतळीचे टोक बोटाऐवजी दातांना गुंडाळून घट्ट ओढून धरले. (इथे माझी चूक झाली, हे लेखी कबूल करतो.) नेमकी तेव्हाच एक गोमाशी त्याच्या कानात शिरली. चांद्याने मान झटकली, सुतळी त्याच्याबरोबर गेली आणि सुतळीबरोबर दात गेले. दोन अंगणात सापडले. तिसरा बाशिंगातच अडकून गावभर मिरवून आला, असे लोक सांगतात. तोरणाखाली चांद्याचा पहिला नंबर आला. मी घरी तोंडात कापूस धरून बसलो होतो, त्यामुळे बक्षिसाचा नारळ निर्मलाने घेतला.

दात गेल्याचे दुःख नव्हते. एकसष्टाव्या वर्षी काहीतरी जायचेच. पण तोंडातून स निघताना शिटी वाजू लागली! आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीकडे बोट दाखवून भाजीवालीला म्हटले, "सांबार दे, साजरा पाहून," तर तिने माझ्याकडे असे पाहिले आणि तिच्या नवऱ्याने अशी बाही वर केली, की मी सांबार न घेताच घरी आलो. दुसऱ्या दिवशी ओसरीत बसून मंगलाष्टकांचा सराव केला. दोनदा "सावधान" म्हटले आणि स्वयंपाकघरात निर्मलाने कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या समजून गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही तुरीची डाळ चावून खाल्ली. म्हणजे तिने चावली.

इथे मला खरी भीती वाटली. दोनशेच्या वर लग्नांत मी मंगलाष्टके म्हटली आहेत, तुझ्या मुलाच्याही. आणि आपली नात नूतन पाच वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून म्हणाली होती, "आबा, माह्या लग्नात तूच म्हणजो." आता तिचे लग्न मार्गशीर्षात आले, आणि आबाच्या तोंडात शिटी!

चहाच्या टपरीवर हा विषय निघाला आणि गावात दोन पक्ष पडले. कवडू कवळीच्या पक्षाचा. त्याने भर टपरीत स्वतःची कवळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घालून तं पाय, गड्या!" (ती अजून गरम होती. मी आदराने परत केली.) याच कवळीने गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभेत, कवडू ठराव मांडत असताना त्याला शिंक आली तेव्हा, थेट सरपंचांच्या चहात उडी घेतली होती. ठराव एकमताने मंजूर झाला, पण तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दुसऱ्या पक्षात केशोराव. त्याच्या मुलाने नागपूरला नेऊन त्याचे दोन दात इम्प्लांटचे बसवले. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला चमचा देऊन दात वाजवायला लावतो. मीही वाजवले. आवाज खणखणीत आहे.

"झाड लावाचं का कुंडी ठेवाची, तूच ठरव," केशोराव म्हणाला.

"अन् ड्रिल चालली तवा आईच्या नावानं बोंबलून राहिला होता, ते सांग ना!" कवडू म्हणाला.

शेवटी अर्जुनीहून गाडी धरून गोंदियाला गेलो. दाताची डॉक्टरीणबाई, मंजू नावाची, तुझ्या सुनेच्या वयाची, हिंदी बोलणारी. "अंकल, डरिए मत," म्हणाली, आणि आधी शुगर तपासली, मग जबड्याचा फोटो काढला. मग समजावले, की जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा, हाडाने तो धरू द्यायचा, मग वर दात चढवायचा, तो पक्का. कवळी लवकर होते, पण काढघालीची. रोज धुवायची, झोपताना पाण्यात ठेवायची. मी म्हटले, म्हणजे इम्प्लांट ही रोवणीच झाली की! तिला रोवणी कळेना. (गोंदियात राहून!) मग मी खुर्चीतून उतरलो आणि कापसाच्या काड्या घेऊन फरशीवर वाकून धानाची रोवणी करून दाखवली. बाहेर बसलेले दोन पेशंट आत आले. एक म्हणाला, रोपे फार जवळ लावलीत. दुसरा म्हणाला, आमच्याकडे मशीनने लावतात. असा वाद रंगला की सुजलेल्या गालाचा माणूस सूज विसरून बोलू लागला. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून हसत होती.

मग तिने तोंडाचे माप घ्यायला गुलाबी लगद्याने भरलेला साचा तोंडात दाबला आणि अजिबात बोलू नका म्हणाली. बाई, मला बोलू नका म्हटले की काय होते, तुला ठाऊक आहे. मी फक्त इतकेच विचारले, की याची चव अशी काऊन. लगदा वर चढला, मिशीत शिरला आणि तिथेच घट्ट झाला. साचा ओढला तर मिशी यायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी, तिच्या हातात कात्री. डावी मिशी मापाबरोबर गेली. उजवी एकटी बरी दिसेना, म्हणून न्हाव्याकडे जाऊन तीही दिली. घरी पोचलो तर निर्मलाने दारातून विचारले, "कोन पायजे?"

असल्या तोंडाने भाऊबीजेला कसा येणार होतो? असो. पुष्कळ विचार करून मी इम्प्लांटच करायचे ठरवले आहे. कवळीचा भरवसा नाही. भर मांडवात, सगळे अक्षता उगारून उभे आहेत, मी "सावधान" म्हणतो आणि कवळी उडून नवरदेवाच्या फेट्यात बसते, हे चित्र मला दिवसा जेवताना दिसते. पोरीने आयुष्यभर हे ऐकून घ्यावे, असे माझ्या हातून होऊ नये.

भाऊजींना नमस्कार, नूतनला पोटभर आशीर्वाद. गुडघ्याला तीळतेल लाव आणि राग आला असेल तर तोही थोडा चोळून काढ.

तुझा धाकटा,
शालीकराम

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. हाडाला स्क्रू धरायला चार महिने लागतात. तेव्हा नूतनचे लग्न मार्गशीर्षाऐवजी वैशाखात घेता येईल का? आंबेही असतात.

ता. क. २. व्याह्यांना माझे नाव सांगू नकोस. भाऊजींच्या प्रकृतीचे सांग. भाऊजी नाही म्हणणार नाहीत, त्यांना विचारायची गरज नाही.

ता. क. ३. हे निर्मला लिहून राहिली. पाकीट चिकटवाच्या आधी परवाच मीनं वाचलं. रुख्माबाई, मुहूर्त अजिबात हलवू नका. आमच्या यायच्या तोंडात मंगळवारपासून तीन दातांची कवळी हाय. डॉक्टरीणबाईनंच सांगतलं, लग्नाले कवळी घाला, स्क्रूचं काम उन्हाळ्यात करू. तुमाले सांगतलं नाई, काऊन का यायले भेव वाटते. पोरीवर भलता जीव हाय. म्हून काल मीनं चुलीत मूठभर वाळल्या मिरच्या टाकल्या. यायले अकरा शिंका आल्या, मीनं मोजल्या. शेजारचे लोकं रस्त्यावर आले, गाईनं दावं तोडलं, पन कवळी जागची हालली नाई. मंग मंगलाष्टक म्हनाले लावलं. "सावधान" असं साफ निघालं का समोरची म्हातारी खरंच तांदूळ घेऊन आली. तवापासून हे थांबूनच नाई राहिले. आज सकाळपासून चार खेपा माहं लग्न लागलं. यायले पंधरा दिवस आधीच तिरोड्याले बोलावून घ्या.