तुम्हाला नवी हवी होती

बाबा, मी जुनी गाडी घेतली. हे आधीच सांगून टाकते. न पटणारं काही कानावर येतंय असं वाटलं की तुम्ही उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचात, ती सवय मी विसरलेले नाही. आता ती गॅलरी नाही. चाळ पाडून टॉवर झाला, आई आणि मी चौदाव्या मजल्यावर राहतो, आणि तुम्ही ज्या कठड्याला टेकायचात त्याच्या खालच्या अंगणात गाड्या लावायला पांढऱ्या रेघा मारल्या आहेत. त्यातली एक जागा आपली. तीन वर्षं ती रिकामी होती आणि शेजारी हक्काने त्यात स्वतःची दुसरी गाडी लावत होते. परवा त्यांना ती काढायला सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

हौस म्हणून गाडी घेतलेली नाही. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. हॉस्पिटल परळलाच आहे, लालबागहून हाकेच्या अंतरावर, आणि खरं दुखणं तेच. इतकं जवळचं भाडं कुणालाच नको असतं. टॅक्सीवाला पत्ता ऐकून मान फिरवतो, मोबाइलवरून बोलावलेला गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन रद्द करतो. मे महिन्यात एकदा आई गेटपाशी वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पाऊण तास बसून होती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आणि वर मलाच समजावत होती, "ऱ्हवांदे गो, उद्या जाऊया." डायलिसिस उद्यावर टाकता येत नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मला तिथेच भर उन्हात रडू आलं. संध्याकाळी घरी आल्यावर मी ठरवलं की गाडी घ्यायचीच.

मग नवी की जुनी हा घोळ सुरू झाला. मी अजून दादरच्या त्याच शाळेच्या ऑफिसात आहे, निवृत्तीला चार वर्षं उरलीत. ऑफिसातल्या सगळ्यांनी एकमुखाने नवी सांगितली. वॉरंटी असते, डोक्याला ताप नाही, शिवाय माणसाने आयुष्यात एकदा तरी नवी गाडी घ्यावी म्हणे. मी ऐकून घेतलं आणि माझं गणित मांडलं. नवीचं कर्ज माझ्या नोकरीपेक्षा लांब चालणार. शोरूमच्या उतारावरून खाली आली की त्याच मिनिटाला तिची किंमत उतरणार. आपल्या गल्लीत मांडवाचे बांबू येतात, हातगाड्या येतात, चौथ्या दिवशी तिला ओरखडा पडणार आणि मी आठवडाभर जेवणार नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मला परवडेल ती नवी गाडी बुटकी. आईचा गुडघा वाकत नाही, तिला उंच सीट हवी, जिच्यात वाकून शिरावं न लागता टेकून बसता येईल. तेवढ्याच पैशात पाच वर्षं वापरलेली उंच गाडी मिळते. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही ठरवूनच आलाय, मग विचारता कशाला?" बरोबर होतं त्यांचं.

अडून बसली ती आई. स्वयंपाकघरात ती वाल सोलत होती, मी बाजूला उभी राहून भात लावत होते, आणि मी विषय काढताच तिने सोललेल्या वालांची ताटली बाजूला सारली. "माका नको दुसऱ्याची उष्टी गाडी. तुझ्या वडलांनी माका नवी घेईन म्हटलेलं. नवी नसेल तर ती वॉचमनची खुर्ची बरी." मी म्हटलं, अगं, ते म्हणाले होते त्याला चाळीस वर्षं झाली. ती म्हणाली, "होऊंदेत." तुम्हा दोघांत हट्टी कोण हे मला कधीच ठरवता आलं नाही, पण त्या दिवशी तिने तुम्हाला मागे टाकलं.

तुमचं ते नवीचं वेड मला कधी कळलंच नव्हतं. तुम्ही गॅरेजमधले रंगाचे मेस्त्री. पोचा काढावा तुम्ही, लांबीची पुट्टी भरून पत्रा घासावा तुम्ही आणि वर रंग असा मारावा की मूळ मालकाला आपली गाडी ओळखू येऊ नये. तुमच्यासमोरून स्वस्तात कितीतरी बऱ्या गाड्या गेल्या. मामा तर दर गणपतीला तुम्हाला डिवचायचे, "भावोजी, हाताखालून शंभर गाड्या जातात आणि माझ्या बहिणीला बसनं नेता?" तुम्ही हसून म्हणायचात, "घेऊ. नवी घेऊ." मला वाटायचं, बाबांना ऐट आहे. पगारात नवी कधीच बसणार नव्हती हे मला बाराव्या वर्षीच समजलं होतं, मग ही ऐट कशाला, असं मनात यायचं. तुमच्या तोंडावर म्हणायची छाती नव्हती.

आणि तो एक दिवस. मी अकरा वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे, आईने तुमचा डबा माझ्या हाती दिलाय. गॅरेजच्या दारात एक आकाशी गाडी उभी आहे, तिच्यात माझा चेहरा दिसतोय. गिरगावातले एक मास्तर बायकोला घेऊन ती न्यायला आलेत, सगळ्यांना पेढे वाटतायत. तुमच्या हातावर पेढा ठेवून ते म्हणतात, "मेस्त्री, सोनं केलंत." आणि मी मोठ्याने म्हणते, "बाबा, नवीच दिसते!" तुम्ही माझ्याकडे वळलात, डबा हिसकावून घेतलात आणि सगळ्यांदेखत ओरडलात, "घरी जा. परत इथं पाय ठेवलास तर बघ." त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी आवाजही चढवला नव्हता. पेढा तुम्ही खाल्ला नाहीत, संध्याकाळी कागदात गुंडाळून घरी आणलात आणि फडताळावर ठेवलात. तो मी गुपचूप खाल्ला. पुढची कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की रंगाने माखलेल्या कपड्यांत मुलीने आपल्याला बघितलं याची तुम्हाला लाज वाटली असणार.

हे सगळं मी त्या दिवशी भाताच्या वाफेत आईसमोर बोलून गेले. म्हटलं, ऐटीपायी तू आयुष्यभर बसच्या रांगेत उभी राहिलीस, आता तरी सोड. आईने वालांची ताटली पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "ऐट नव्हती गो ती. ती मास्तरांची गाडी दोन गाड्यांची होती. पुढचं अंग एकीचं, मागचं दुसरीचं. दोन्ही ठोकलेल्या. गॅरेजच्या शेटनी त्या मधे जोडल्यानी आणि वरून ह्यांना रंग मारायला लावल्यानी. नाय म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून घरी." मी ताटलीतले वाल उगाच चिवडत उभी राहिले. "आणि ते रविवारचे गिरगावात जायचे, तुका काय वाटलं, भजनाक? मास्तरांची गाडी फुकट बघून द्यायचे. खाली झोपायचे आणि सांधा सुटलाय काय बघायचे. मास्तरांनी ती भंगारात देईपर्यंत. नऊ वर्षं. मास्तर ह्यांना देवमाणूस म्हणायचे, आणि त्या रात्री हे जेवायचे नाय."

बाबा, मला तुमची खूप माया आली आणि खूप रागही आला. दोन्ही एकदम. नऊ वर्षं रविवारी दुपारी तुम्ही त्या गाडीखाली पाठ टेकून पडलात, आणि वर तोंड करून मास्तरांना एक वाक्य सांगणं तुम्हाला जमलं नाही. नोकरी जाईल, शेट बघून घेईल, आपण तिघं काय खाणार, हे सगळं मला कळतं. तरी राग येतोच. आणि मला ओरडलात ते का, हेही आता कळतं. तो रंग खरा मानून मी, तुमचीच मुलगी, त्या गाडीला नवी म्हणत होते. तुम्हाला नवी गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. दुसऱ्या कुणी काय झाकून ठेवलं असेल याची भीती नको, आपली बायको-मुलगी तिच्यात निर्धास्त बसावी, एवढ्यासाठी.

पण तरीही तुमचं चुकलं. हे मी ठामपणे म्हणते. झाकलेलं ओळखता येतं, आणि ते ओळखायला मला तुम्हीच शिकवलंत. गॅरेजात येऊ दिलं नाहीत, पण रस्त्याने चालताना उभ्या गाडीवर बोटाचं पेर वाजवायचात. टण्ण वाजलं की पत्रा, थप्प वाजलं की आत लांबी. दाराच्या कडेचं रबर ओढायचं आणि खालचे कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का बघायचं. सगळ्या काचांच्या कोपऱ्यावरचं साल एकच आहे का बघायचं. मी सहा गाड्या बघितल्या. पहिला विकणारा म्हणाला, "मॅडम, एक नंबर कंडिशन. रंगाचं टचिंगसुद्धा नाय." मी पेर वाजवलं. थप्प. मी रबराला हात घातला तसा तो कळवळला, "ओ ताई, रबर नका ना काढू!" मग जरा बघून विचारतो, "घरात मेस्त्री आहेत काय कोण?" म्हटलं, "होते." त्याने दार लावून किल्ली खिशात टाकली.

सहावी गाडी माहीमला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून चालवत नाहीत. त्यांनी किल्ली द्यायच्या आधीच सांगितलं, "डावा मागचा दरवाजा रंगवलेला आहे हं. मीच गेटला घासली होती. नंतर म्हणाल, सांगितलं नाही." मी खाली जाऊन सगळं वाजवून पाहिलं, रबरं ओढली, काचा वाचल्या. फक्त तोच एक दरवाजा थप्प वाजला, बाकी गाडी कोरीच. रंगाचं काम तर असं की जोड सापडायला मला पाच मिनिटं लागली. कुणीतरी मन लावून, कड धरून केलेलं. मी त्या दरवाजावरून तळवा फिरवत उगाच उभी राहिले होते.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने उलटतपासणी घेतली. "रबर काढून बघितलंस?" बघितलं. "चारी दरवाजांचं?" चारी. "आणि दरवाजाचं त्यांनी आपणहून सांगितल्यानी? तू विचारायच्या आधी?" आधी, आई. तिने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "मग घे." आता ती मागच्या सीटवर उशी घेऊन राणीसारखी बसते आणि सिग्नलला मला सूचना देते. मागच्या गुरुवारी हॉस्पिटलच्या दारात उतरताना म्हणाली, सीट चांगली आहे. तुमच्या त्या नवीचं तिने पुन्हा नाव काढलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तेव्हा एक सांगून टाकते. त्या पहिल्या दिवशी गाडी बघून वर गेले तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "मग काय ठरवताय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकदा बाबांना दाखवते, मग सांगते." तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, मी चोपन्नची आहे, आणि मी हे म्हटलं. ते म्हणाले, "जरूर आणा, रविवारी सकाळी या." रविवारी मी एकटीच जिना चढले. त्यांनी टेबलावर चहाचे तीन कप मांडून ठेवले होते. माझ्या मागे जिन्याकडे बघून त्यांनी विचारलं, "वडील?" मी म्हटलं, "खालीच थांबलेत. गाडी बघतायत." ते म्हणाले, "जिना उंच आहे खरा, बघू द्या त्यांना सावकाश," आणि तिसऱ्या कपावर त्यांनी बशी झाकली. कागदांवर सह्या होईपर्यंत मी तिथे अर्धा तास बसले होते, बाबा. मी त्यांना खरं सांगितलं नाही.