शेवटच्या बाकावरून

चिंचवड, रविवार, १४ मार्च १९७१

आज चार महिन्यांनी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेतली. काम लवकर उरकावं म्हणून कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसचं गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी, मी काढलं होतं. त्याच मशीनवर माझ्याबरोबर काम करणाऱ्या शंकरची दोन बोटं गेली. चौकशीत मी गप्प राहिलो आणि चूक त्याच्यावरच आली. तेव्हापासून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो. कोणत्या तोंडानं पुढे जायचं?

पाळकसाहेब आज यरुशलेमच्या जुन्या मंदिरातल्या पडद्याविषयी बोलले. त्याच्या आत, देवासमोर, फक्त मुख्य याजक जाई, तोही वर्षातून एकदा, लोकांच्या पापांसाठी बळीचं रक्त घेऊन. प्रभू येशूनं क्रूसावर प्राण सोडला आणि तो पडदा वरून खालपर्यंत फाटला; देवाजवळ जायची वाट सगळ्यांना मोकळी झाली.

त्या शेवटच्या बाकावर शेजारी मार्थामावशी होत्या. हळूच म्हणाल्या, "ऊठ बाळा."

"माझी लायकी नाही, मावशी."

"लायकी असती तर त्याला मरावं कशाला लागलं असतं?"

उठलो, पुढे गेलो. भाकर हातात घेताना रडू आवरेना.

मग घरी जाववेना. तसाच कासारवाडीला शंकरकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं,

"हे सायबांपुढं बोलशील?"

"बोलेन," म्हणालो.

नोकरी बहुधा जाईल. उद्या पहिल्या शिफ्टलाच सांगणार आहे.