अठ्ठावीस ग्लास इसबगोल

४ मार्च
पुन्हा तेच. सकाळी सातला कामावर पोचले की शिंका, साडेसातला छातीत शिट्टी. औषधांच्या खोलीत स्टुलावर बसून राहिले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "फुलांचे दिवस आहेत, परागकण उडतात. मलाही होतं." वृद्धाश्रमात सगळ्यांना सगळंच होतं म्हणा.

७ मार्च
सासूबाईंनी गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या शेजारी देऊन टाकल्या. बारा वर्षं जपलेल्या. "झाडं परत लावता येतील, सून कुठून आणू?" एवढंच बोलल्या आणि फरशी घासायला बसल्या. मला वर मान करून बघवेना.

८ मार्च
रविवार, सुट्टी. एकही शिंक नाही. सासूबाई खूश.

९ मार्च
कामावर गेले आणि ये रे माझ्या मागल्या.

१३ मार्च
छातीचे डॉक्टर. वयाने लहान, पण ऐकून घेतात. "कामावर पहिल्या तासात नेमकं काय करता?"
सांगितलं — अठ्ठावीस जणांचं इसबगोल. डब्यातून चमच्याने ग्लासात काढायचं, पाणी घालून ढवळायचं.
त्यांनी पेन खाली ठेवलं. "भुकटी उडते?"
उडते की. उन्हाच्या तिरिपेत दिसते. भुवयांवर बसते.
ॲलर्जी कशाची ते बघायला हातावर बारा ठिकाणी वेगवेगळे थेंब टाकून टोचलं. फुलांचे ठिपके सगळे गप्प. इसबगोलाचा फुगला — शर्टाच्या बटणाएवढा!
म्हणाले, "फक्त परागकणच बाधतात असं नाही. बियांची सालं, पीठ, लाकडाचा भुसा — कशाचीही धूळ रोज श्वासातून गेली की एखाद्याचं शरीर बिथरतं. आणि हे पोटातही घेऊ नका, जिवावर बेतेल."
आठ वर्षं लोकांची पोटं साफ ठेवली, छाती माझी भरली. हसू आलं. हसताना खोकला.

१४ मार्च
सासूबाईंना सांगितलं. वाटलं, कुंड्यांवरून बोलतील. त्यांनी विचारलं, "मग आता ते काम कोण करणार?"


१६ मार्च
मोठ्या सिस्टरना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. "तुला कपड्यांच्या खोलीत घेते. भुकटी दुसरी कोणी कालवेल." म्हटलं, तिलाही होऊ शकतं, भुकटीऐवजी पातळ औषध मागवा. "अगं, आजवर कुणाला झालं नाही."
मान डोलावून कपड्यांच्या खोलीत गेले. जायला नको होतं.

१८ मार्च
झोप नीट नाही. माझ्याआधी हे काम ज्या बाई करायच्या, त्या का सोडून गेल्या? स्वयंपाकीणबाईंना विचारलं. "ती? नुसती खोकायची. घरी बसली की ठणठणीत! ढोंग नुसतं. शेवटी काढून टाकली."
पत्ता घेतला.

२२ मार्च
त्या आधीच्या बाईंकडे गेले होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चिठ्ठी दोनदा वाचली. मग आतल्या खोलीकडे वळून नवऱ्याला हाक मारली — "अहो, बाहेर या. ही काय सांगतेय ते ऐका. मी खोटं बोलत नव्हते."
उद्या चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी जाणार आहोत मोठ्या सिस्टरकडे.