डावीकडे वळणारा बैल

पिपरी मेघे, वर्धा
हरितालिका, दुपारची वेळ

राजमान्य राजेश्री मधुकरराव व्याही यांना बंडोपंताचा सप्रेम नमस्कार. सौ. अनुसयाबाईंनाही आम्हा दोघांचा नमस्कार सांगावा.

आपल्या गुडघ्याचे काय म्हणणे आहे? तेल लावता, की दुकानात खत घ्यायला येणाऱ्यांना नुसता दाखवता? अनुसयाबाईंची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो (पोळ्याच्या पुरणपोळ्या नुकत्याच होऊन गेल्या, म्हणून आशा म्हटले, खात्री म्हणण्याचे धाडस होत नाही). आपल्या जाम गावाकडे पाऊसपाणी ठीक असेल. इकडे पाऊस दोरीवर कपडे चढले की येतो आणि उतरवले की जातो.

आमचे म्हणाल तर मी दमलो आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस दमतो, यात पत्राने कळवण्यासारखे काही नाही. पण मी निवृत्त होऊन दमलो आहे, हे मात्र कळवण्यासारखे आहे. जन्मभर शाळेत गणित शिकवले, तेव्हा असा दमलो नव्हतो. तिथे घंटा होती. घंटा झाली की अपूर्णांक फळ्यावर तसेच टाकून मास्तर चहाला जाऊ शकत. आपल्या कन्येने, म्हणजे आमच्या सूनबाई मयुरीने, नात वेदश्रीला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतल्यापासून या घरात घंटा नाही, मधली सुटी नाही आणि रविवारसुद्धा नाही. कुकरची शिट्टी झाली तर वाफेचा धडा होतो. मी दुपारी आडवा झालो तर पोरगी उशाशी बसून माझे श्वास मोजते आणि उठल्यावर विचारते, "आबा, मधेच एक श्वास काऊन सोडला?" मी कुठे सोडला, मला कसे ठाऊक असणार?

आणि सणवार! पूर्वी सण म्हणजे गोडधोड खाऊन झोपायचे असे. आता प्रत्येक सणाचा अभ्यास असतो. नागपंचमीला वेदश्रीने शेजारच्या काकूंना, त्या वारुळापुढे दुधाची वाटी ठेवत असतानाच, साप दूध पीत नाही हे समजावून सांगितले. अगदी नम्रपणे सांगितले, पण तेव्हापासून त्या घरून आमच्याकडे लाह्या येणे बंद झाले. राखीला तिने पराटीच्या बोंडातली सरकी ओल्या कापसात बसवून राखी केली. सख्खा भाऊ नसल्याने ती बापाच्या आणि माझ्या मनगटावर चढली. सुमीत कचेरीत जाण्याच्या निमित्ताने सुटला. मी मात्र आठवडाभर मनगटावर पाणी शिंपडत बसलो होतो. अंकुर फुटला, व्याहीबुवा. मी त्या हाताने जेवू शकत नव्हतो.

(मयुरीला दोष द्यावा असा हेतू नाही. ती माझ्याहून जास्त राबते, हे मी पाहतो. पहाटे उठून ती पोरीसाठी जे वाचन करते तेवढे मी बी.एड.ला केले नव्हते.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. यंदा तान्ह्या पोळ्यासाठी वेदश्रीने जाहीर केले की बाजारातला लाकडी बैल नको, आपण घरी करू. "आपण" म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. करवत माझ्या हातात आली. लाकूड कुठले घ्यायचे, तर माळ्यावर एक जुना सागाचा पाट पडला होता. कोणाच्या उपयोगाचा दिसेना, म्हणून तो मी कापला. (आज सकाळी हरितालिकेच्या पूजेला सुमती तोच पाट शोधत होती. पूजा शेवटी उलट्या प्लास्टिकच्या स्टुलावर झाली. दोघी सासवा-सुना उपाशी आहेत आणि माझ्याशी एकच बोलते आहे, ती म्हणजे सून.)

बैल तयार झाला. शिंगे होती, वशिंड होते, शेपटीला सुतळी होती. संध्याकाळी सुमीत घरी आला आणि कौतुकाने म्हणाला, "वा, डुक्कर मस्त जमलं!" त्यावर पोरीने त्याच्याशी बोलणे टाकले. चाकांच्या जागी मी लोणच्याच्या बरण्यांची झाकणे लावली. डावीकडची दोन्ही झाकणे अंमळ लहान निघाली, आणि ती चूक कळेपर्यंत सळया ठोकून घट्ट झाल्या होत्या. परिणाम असा की दोरी ओढली की बैल सरळ न जाता डावीकडे वळे. अंगणात सोडला तर गोल फिरून तुळशीपाशी येई. मी म्हटले, काढून दुरुस्त करू. ती म्हणाली, "नाई. त्याले तसंच जाऊ द्या."

तान्ह्या पोळ्याला मैदानावर सगळी वस्ती जमली होती. लहान लहान पोरे धोतर-फेटे घालून, नटवलेले बैल ओढत उभी. मंडळाचा अध्यक्ष गजेंद्र, तोच हार्डवेअरवाला, एके काळचा माझा विद्यार्थी. हातात माइक. त्याने दोन गट केले होते, पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवी. एकेक मूल पुढे जाई, नाव, शाळा, इयत्ता सांगे आणि आपल्या रांगेत उभे राही. वेदश्रीची पाळी आली. मयुरी तिच्या शेजारी होती, मी म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांत.

"नाव सांग बेटा," गजेंद्र म्हणाला. पोरीने बैल जवळ ओढला.

"शाळा कोणती? कितवीत हायेस?"

पोरीने मान खाली घातली.

मधुकरराव, ती मान मी ओळखतो. आपणही ओळखता. दुसरीत असताना ती अशीच खाली बघायची. घरी धबधब्यासारखी बोलणारी पोरगी शाळेच्या फाटकाशी पोचली की तोंड मिटायची. रोज सकाळी पोट दुखायचे, आणि ते खरेच दुखायचे. सुमती हिंग लावून लावून थकली होती. वर्षअखेर शाळेने कळवले की मूल मंद आहे. तेव्हाच मयुरीने तिला घरी आणले. मी विरोधात होतो, आजही पुरता बाजूने नाही, आणि या एका बाबतीत आपण दोघे व्याही एका पक्षाचे आहोत. मे महिन्यात आपल्या घरच्या सपनाच्या लग्नात, मांडवात, पाहुण्यांदेखत आपण मयुरीला "पोरीचं वाटोळं करून राह्यली तू" असे म्हणालात, ते मीही मनात कितीदा म्हटले आहे. पण मला याच घरात जेवायचे असते, म्हणून मी ते मनातच ठेवतो. त्या दिवसापासून आपण बापलेक एकमेकांना फोन करत नाही, हेही मला दिसते. असो. त्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही.

तर मयुरी म्हणाली, "ती घरीच शिकते." माइक जवळ होता. ते सगळ्या मैदानावर गेले. मागून कोणीतरी हसले, "म्हंजे नापास हाये का?" एक बाई अगदी कळवळून म्हणाल्या, "काऊन वं बाई, पोरीले काही प्रॉब्लेम हाये का?" या प्रश्नाची मयुरीकडे एरवी तयार उत्तरे असतात. लग्नाकार्यांत, बसमध्ये, दवाखान्यात ती ती देत आली आहे. त्या दिवशी तिने नुसता पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. गजेंद्र बिचारा खरोखरच गोंधळला होता. "मॅडम, मंग इले कोणत्या गटात टाकू?" असे तो मनापासून विचारत होता.

मी कधी उठलो आणि कधी पुढे गेलो, मला सांगता येणार नाही. गेलो आणि म्हणालो, "गजेंद्र, तू सातवीत दोनदा बसलास, तुला कोणत्या गटात घालायचं रे?"

तेही माइकवर गेले.

सगळे मैदान हसले. गजेंद्रचा पोरगा पाचवीच्या रांगेत उभा होता, तोही हसला. गजेंद्रचे कान लाल झाले. "सर, ते जाऊ द्या ना आता," एवढेच तो म्हणाला. मला लगेच वाईट वाटले. शाळेत असतानासुद्धा मी पोरांना असे चारचौघांत कधी बोललो नव्हतो. त्या गडबडीत दोरीला कोणाचा तरी पाय लागला, आमचा बैल चालू लागला, डावीकडे वळला आणि थेट गजेंद्रच्या पायावर जाऊन आदळला. विषय बदलायला त्याला काहीतरी हवेच होते. तो खाली वाकला आणि पोरीला म्हणाला, "काय वं, हा असा वाकडाच काऊन जाऊन राह्यला?"

पोरीने मान वर केली. आधी बैलाकडे पाहिले, मग गजेंद्रकडे.

"याची डावीकडची चाकं लहान हायेत," ती म्हणाली. "आबांनी मोजली नाई."

मग ती थांबेचना. दोन्ही चाके एका सळईवर घट्ट आहेत, दोन्ही सोबतच फिरतात, मोठे चाक एका फेऱ्यात जास्त जाते, लहान कमी जाते, म्हणून बैल लहानाकडे वळतो. तिने अंगणात दोरीने तो गोल मोजला होता. (हे मला माहीत नव्हते. मी झोपलो असेन.) मैदान मोठे असेल आणि कोणी आडवे आले नाही, तर हा बैल सोडून दिला तरी फिरून जिथून निघाला तिथेच येतो, असे तिने सांगितले. त्यावर लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग खऱ्या बैलांबद्दल, मग पोळ्याआधी बैलांचे खांदे मळतात त्या खांदेमळणीबद्दल. माइक तिने कधी स्वतःच्या हातात घेतला ते कोणाला कळले नाही. शेवटी गजेंद्र हात जोडून म्हणाला, "बेटा, माइक दे आता, बाकीचे बैल उन्हात उभे हायेत."

गजेंद्रने, माझ्याकडे न बघता, तिसरा गट जाहीर केला: वाकड्या चालीचे बैल. त्यात आमचा पहिला आला. दुसरा नव्हताच. बक्षीस म्हणून तिला दप्तर मिळाले. सगळ्यांना दप्तरेच होती; मंडळाने ती आधीच आणून ठेवली होती, त्याला कोण काय करणार!

घरी आल्यावर पोरगी बैल घेऊन बोजाऱ्याचे पैसे-खाऊ मागत वस्तीत घरोघर हिंडायला गेली. मयुरी ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. ती माझ्यापाशी अशी सहसा बसत नाही. मग म्हणाली, "आबा, खरं सांगा. मी चुकून राह्यली का? तुमीच सांगा, तुमी मास्तर व्हते."

काय सांगू? जन्मभर शिकवले, पण मूल शिकते ते नेमके केव्हा, हे मला आजवर कळलेले नाही. मी तिला तसेच सांगितले. म्हटले, मला ठाऊक नाही पोरी, पण आज ती बोलली. मयुरी रडली. मी उठून चहा केला. साखर घालायची राहिली, आणि ती तसाच प्यायली.

आपल्याला वाटेल की आता मला जरा उसंत मिळाली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तो अंगणात वस्तीतली पोरे उभी, प्रत्येकाच्या हातात बरण्यांची झाकणे. सगळ्यांना वाकडा बैल हवा. गजेंद्रचा पोरगा तर लाकूड घेऊनच आला, आणि सोबत बापाच्या दुकानातली नवी करवतही. बापाने पाठवली म्हणे. "पप्पा म्हणे, सरले सांगजो, राग नाई." मी निवृत्त झालो तेव्हा शाळेने शाल-श्रीफळ देऊन मला निरोप दिला होता. ती शाल मी आता लाकडाच्या भुशाने भरलेली खुर्ची झाकायला वापरतो.

तर असा मी दमलो आहे. उपासाचे जेवण तयार झाल्याची हाक आली (भगर आहे), म्हणून थांबतो. आपला लोभ जुनाच आहे, पत्राअभावी तो शिळा होऊ नये म्हणून एवढे लिहिले.

आपला थकलेला व्याही,
बंडोपंत

ता. क. वर मी म्हणालो की त्या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही. पण खरे तर पत्र तेवढ्यासाठीच लिहायला घेतले होते. मयुरीला एक फोन करा. शाळेचे काढू नका. पावसाचे विचारा, पराटीचे विचारा, काहीही विचारा. घरात फोन वाजला की ती हातातले काम सोडून बघते, आणि दुसऱ्याच कोणाचा असला की परत कणीक मळायला लागते. मी हे पाहतो आणि मला काही करता येत नाही.

ता. क. २. मी सुचवले असे तिला कळू देऊ नये. फोन आपल्या मनाने केला असेच सांगावे.

ता. क. ३. भगर खाऊन पाकीट चिकटवायला बसलो तर सुमीतने सांगितले की आपल्या चिरंजीवांचा, धर्मेंद्रचा, त्याला फोन आला होता. गजेंद्रने मैदानावरचा व्हिडिओ कोणाकोणाला पाठवला, तो फिरत फिरत जामला पोचला, आणि आपण फवारणीचे औषध घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवल्याशिवाय सोडत नाही. शिवाय काल आपण मयुरीला फोन केलात, दोघे बराच वेळ चाकांबद्दल बोललात, आणि महालक्ष्मीच्या जेवणाला इकडे येण्याचे ठरवलेत. मला या घरात कोणी काही सांगत नाही. म्हणजे हे सगळे पत्र वाया गेले. तरी इतके लिहिले आहे तर टाकतोच. फक्त परत जाताना गाडीत एक जागा मोकळी ठेवा. मला चार दिवस जामला, आपल्या दुकानाच्या ओट्यावर, काहीही न शिकता बसायचे आहे.