गाव कुठे संपते ते ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. नगररचना अधिकारी,
विस्तार नियोजन कक्ष,
पनवेल, जि. रायगड.

विषय : मौजे खारकोंडची शीव यंदाच्या पालखीपूर्वी एका जागी थांबवणेबाबत.
संदर्भ : गतवर्षीची पालखी व अर्जदाराचा डावा खांदा.

महोदय,

१. अर्जदार काशीराम आंबो घरत, वय ६७, हा चाळीस वर्षे गावदेवीच्या पालखीचा भोई. रीत अशी, की चैत्रात पालखी गावच्या शेवटच्या घरी जाते, तिथला नारळ घेते आणि त्या घरच्या कर्त्याचा खांदा लावून दिवेलागणीच्या आत देवळात परतते. पूर्वी शेवटचे घर तळ्याकाठी असे. अर्जदार जाऊन येऊन दुपारी जेवायला घरी असे.

२. आता तळे बुजले आणि रोडपाली गावाकडून टॉवर चालत आले. निम्मे रिकामे, तरी पुढच्यांचे पाये खोदून तयार. गतवर्षी मंडळींनी एका टॉवरातला सॅम्पल फ्लॅट हेच शेवटचे घर मानले. देवी सोफ्यावर विराजमान झाली. फ्लॅट विकणाऱ्या तिथल्या कु. हेतल यांनी अदबीने रजिस्टरात लिहून घेतले, 'नाव : गावदेवी. गरज : दोन बेडरूम.' तेवढ्यात अर्जदाराची पत्नी सत्यवती स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवो, शेगडीला नळीच नाय! इथं कोन रांधतं? चला पुढं!" राहते घर शोधत पुढे जाता जाता सूर्य बुडाला आणि देवीला देवळाबाहेर मुक्काम पडला. असे कधीच घडले नव्हते. अर्जदार हसला खूप, पण घरी येऊन रडला. देवळात मात्र अजून फोन येतात, की मॅडम साइट बघायला परत कधी येणार.

३. सबब विनंती, की बांधलेले फ्लॅट आधी भरावेत, तिथेच पाणी, रस्ते, शाळा द्याव्यात आणि खाडीकाठची उरलेली भाताची खाचरे व तिवरांची झाडी नकाशावर रेघ मारून कायमची मोकळी ठेवावीत. देवी दमत नाही, पण भोई माणसे आहेत.

४. शोधाअंती आढळले, की यंदाचे शेवटचे राहते घर खुद्द आपलेच आहे. देऊळ तिथून नऊ किलोमीटर. आपल्या घरामागच्या टॉवरचा प्रस्ताव आपल्याच टेबलावर आहे असे कळते. तो मंजूर केल्यास पालखीचा भार पुढेमागे दुसऱ्या कोणावर जाईल, हे अर्जदार जाणून आहे. नामंजूर केल्यास शेवटच्या घराचा मान आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहील. पहिल्या वर्षी अर्जदार शेजारून चालेल.

आपल्या खांद्याचा हितचिंतक व नम्र अर्जदार,
काशीराम आंबो घरत
दि. १२ मार्च २०२५

सोबत :
१) गावचा जुना नकाशा, तळ्यासह.
२) खांद्यावर घ्यायची घोंगडीची घडी, नग एक (अर्जदाराची, वापरलेली).