गुडघ्यांची कवायत

तीर्थरूप ताई,

वाकवत नाही, तेव्हा हा उभ्या-उभ्याच केलेला नमस्कार गोड मानून घे. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं भाच्याने कळवलं. आता तुला सगळं स्वच्छ दिसणार, म्हणून अक्षर जपून काढतोय.

माझे गुडघे सकाळी अर्धा तास दुमडतच नाहीत (चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारल्याचं बक्षीस). तू फोनवर सांगितलंस तसा गरम पाण्याचा शेक आणि हलका व्यायाम सुरू केला. व्यायाम खुर्चीत बसून करायचा, असंही तू म्हणाली होतीस म्हणे; ते माझ्या कानात शिरलंच नाही. परवा ही भाजीला गेल्यावर आतून कडी लावली (कुणी बघायला नको) आणि जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. बसणं जमलं, उठणं जमेना. मशीनचा आधार घेतला, तर तेच माझ्याकडे सरकायला लागलं.

इतक्यात पँट न्यायला गणिताचे मास्तर आले. मी खालूनच उद्या या म्हणालो. पण उद्या त्यांचा निरोप समारंभ, ते हलेनात. शेवटी बसल्या-बसल्या सरकत दारापर्यंत गेलो आणि मापाच्या पट्टीने कडी काढली. माणूस भला. मला काखेत धरून उचलायला गेले आणि त्यांचीच कंबर धरली. मग तेही हळूच शेजारी टेकले. कंबर चोळत राहिले. मग म्हणाले, "परवापासून सकाळी कुठे जायचं, तेवढं मला सुटत नाहीये."

ही आली. पिशवी ठेवली, स्टूल आणलं, मला कुशीवर वळवून, हात स्टुलावर टेकवून उभं केलं. शेकायची पिशवी एकच, ती मास्तरांना मिळाली. आज सकाळपासून ते आमच्याकडे येऊ लागलेत. दोघं खुर्चीत बसून पाय दहादा सरळ करतो. आकडे ते मोजतात, आणि माझा अर्धवट झालेला एकही धरत नाहीत.

आता गुडघे पूर्ण बरे आहेत. काळजी नसावी.

तुझा धाकटा

ता. क. 'पूर्ण' खोडून वाच. ऑपरेशनला आलो नाही तो कामामुळे नव्हे, तुझ्या तीन जिन्यांमुळे. सांगायची लाज वाटली. बाबांची काठी तुझ्याकडे आहे ना? कुणाच्या तरी हाती पाठव. हिला कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. वन्सं, पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. काठी पाठवू नका, घेऊन या. तुम्ही समोर बसून रागावल्याशिवाय ह्यांना बरं वाटायचं नाही.